सात मोसमांचा भोपळा

रविवारी सकाळी हृषीकेश वाळिंबे घरात असला की घर लहान पडतं. एक तर गडी सहा फूट एक इंच, वजन एकशे सव्वीस किलो. त्यात सामन्याचा दिवस. स्वयंपाकघरातून हॉल, हॉलमधून जिना, जिन्यावरून परत स्वयंपाकघर. चहा तीनदा केला, पण एकदाही पुरता प्यायला नाही. बाहेर आयर्लंडातल्या एनिस गावाचं नेहमीचं आभाळ, धड पाऊस नाही की धड उघडीप नाही. शेवटी त्याची नऊ वर्षांची पूर्वी ओरडली, "बाबा, विल यू सिट डाउन, फॉर गॉड्स सेक!" पोरीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते इथल्या क्लेअर परगण्याच्या इंग्रजीतच.

"बसतोय गं," असं म्हणून हृषी उभाच राहिला.

त्याची बायको सुमेधा तिची औषधांची बॅग भरत होती. ती डॉक्टर. एनिसच्या हॉस्पिटलात पडलेली, आपटलेली, मोडलेली माणसं जिथे येतात त्या विभागात ती काम करते. हृषीच्या संघाला सामन्याच्या वेळी मैदानाच्या कडेला एक डॉक्टर लागतो, तेव्हा फुकटची डॉक्टर म्हणून तिलाच धरलेलं.

"गुडघा दाखव," ती म्हणाली.

तिनं उजव्या गुडघ्याच्या वाटीभोवती अंगठा दाबला. हृषीनं चेहरा देवळातल्या मूर्तीसारखा कोरा ठेवला.

"सूज आहे."

"जुनी आहे गं ती."

"मी काय सांगितलंय?"

"एकदा जरी गुडघा अडकला, तर खेळ बंद. कायमचा. पाठ आहे मला." एप्रिलमध्ये आतली कूर्चा फाटली होती. ऑपरेशनची तारीख सप्टेंबरची. तोवर खेळू दे म्हणून त्यानं बायकोच्या हातापाया पडून हा मोसम पदरात पाडून घेतला होता. वय एकोणचाळीस. ऑपरेशननंतर कोण खेळवतंय!

आता हा खेळ कुठला ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही मनात भलताच फुटबॉल धराल. आयर्लंडात फुटबॉलांना तोटा नाही. त्यांचा गेलिक आहे, पायानं गोल मारायचा तो आहे, रग्बी आहे. आणि या सगळ्यांतून उरलेली जी थोडी येडी माणसं, ती अमेरिकन फुटबॉल खेळतात. डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यावर चिलखत, आणि बघायला खेळाडूंच्या बायका आणि दोनचार कुत्री. हृषीच्या संघाचं नाव 'बरेन बॅजर्स'. मैदान रग्बी क्लबाचं, ते लोक देतील तेव्हा मिळायचं.

खेळ तसा सोपा आहे. सामन्याचे चार भाग, त्यांना क्वार्टर म्हणतात. एक जण चेंडू फेकतो, त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. त्याच्या पुढ्यात पाच धिप्पाड गडी भिंत करून उभे. समोरच्यांनी ती भिंत फोडायची आणि चेंडू हातातून सुटायच्या आत त्या बाबाला आडवा करायचा. असा आडवा केला की त्याला सॅक म्हणतात. वहीत आडवा करणाऱ्याच्या नावापुढे सॅक लागतो, पोरं नाचतात आणि मोसमाच्या शेवटच्या जेवणात त्याला कप मिळतो.

हृषी या सगळ्याच्या ऐन मधोमध. भिंतीच्या मधल्या विटेसमोर. चेंडू हलला की डाव सुरू, आणि दर डावाला दोन दोन गडी त्याच्या अंगावर यायचे, कारण एकट्याला तो ऐकायचाच नाही. दोघं त्याच्यापाशी अडकले की कडेच्या किलियनसमोर एकच उरायचा. किलियन सुतारकाम करतो, अंगानं शिडशिडीत, पळायला वारा. तो एकट्याला चुकवून जायचा आणि क्वार्टरबॅकला लोळवायचा. सात मोसमांत किलियनचे एकतीस सॅक. हृषीचे? शून्य. चक्क भोपळा. दर वर्षी किलियन कप घेताना माइकवर म्हणायचा, "धिस इज फॉर द बिग मॅन," आणि सगळे हृषीकडे बघून टाळ्या वाजवायचे. हृषी हसायचा. घरी येताना गाडीत मात्र एक शब्द बोलायचा नाही.

वजनदार माणसाबद्दल लोकांची एक ठाम समजूत असते, की तो स्वस्थ असणार. अहो, कसला स्वस्थ! या माणसाच्या पायाला भिंगरी होती. पण साताऱ्याला शाळेत रस्सीखेच लागली की मास्तर त्याला सगळ्यांत मागे उभा करायचे, कमरेला दोर गुंडाळायचे आणि सांगायचे, "वाळिंबे, तू फक्त रुतून बस." कॉलेजात फोटो काढताना मधोमध, मागच्या रांगेत. लग्नात मांडवाचा खांब कलला, तर नवरदेवालाच म्हणाले, जरा धरता का. सगळ्यांना तो टेकायला हवा असायचा. त्यालाही कुठे पळावंसं वाटत असेल, हे कुणाच्या डोक्यात आलंच नाही, आणि त्यानं कधी तोंड उघडून सांगितलं नाही. त्याचंही चुकलंच म्हणा.

इकडे आल्यावर नोकरीही तशीच मिळाली. शॅननला वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यात तो व्हॅलिडेशन इंजिनिअर आहे. म्हणजे काय, तर मशीन आज करतंय तेच उद्या आणि परवाही करील, याची खात्री करायची. कुठे एक स्क्रू बदलायचा तरी आधी कागद, कागदावर तीन सह्या, मग चाचणी, मग परत कागद. अकरा वर्षं हेच. त्याच कारखान्यात देखभालीला असलेल्या डोनल कॉन्सिडाइननं त्याला एकदा रुतलेली जड ढकलगाडी एकट्यानं सरकवताना पाहिलं आणि विचारलं, "मंगळवारी संध्याकाळी काय करतोस?" डोनल बॅजर्सचा कोच. असा हा गडी मैदानात आला आणि तिथेही मधोमध रुतून बसला.

तर आता त्या आठवड्याकडे येऊ. उपांत्य सामना होता, गाठ डब्लिनच्या संघाशी. मंगळवारच्या सरावानंतर डोनलनं हृषीला बाजूला घेतलं.

"मागच्या खेपेला त्यांनी आपल्याला का धुतलं, ठाऊक आहे?"

"का?"

"कारण तू कुठे असणार हे त्यांना ठाऊक होतं. सात वर्षं सगळ्या देशाला ठाऊक आहे. दोघं तुझ्यावर, उरलेला मदतनीस किलियनवर, आणि त्यांचा क्वार्टरबॅक मागे उभा राहून आरामात पोस्टकार्ड लिहितोय." डोनलनं नाक ओढलं. "रविवारी तू कुठेही उभा राहा. मधे, डाव्या कडेला, उजव्या कडेला. तुला दोन गडी लागतात ना? मग ते दोघं कुठून आणायचे, हा घोर त्यांना लागू दे."

"कुठेही?"

"चेंडू हलेपर्यंत त्यांच्या भिंतीला जागचं हलता येत नाही. आपल्याला येतं. नियमच आहे तसा."

नियम त्याला सात वर्षं माहीत होता. तो आपल्यासाठीही आहे हे आज पहिल्यांदा कळत होतं.

"एकच सामना हं," डोनल म्हणाला. "नाही जमलं तर परत मधे. पोरांना मी दर वेळी नवीन काही शिकवत बसणार नाही. तू ठरव आणि बाकीच्यांना सांग, म्हणजे तू सोडलेली जागा कुणीतरी भरेल. ग्रँड?"

"ग्रँड," हृषी म्हणाला. पडत्या फळाची आज्ञा! त्या रात्री गडी झोपतो कसला. एकदा, फक्त एकदा, त्याला तो क्वार्टरबॅक आपल्या स्वतःच्या दोन हातांनी धरायचा होता. ही शेवटची संधी होती, आणि ती एका रविवारापुरती होती.

आता दुसरा कुणी असता तर तसाच मैदानात उतरला असता. पण हा पडला व्हॅलिडेशनवाला! बुधवारी यानं एक्सेल उघडलं. पहिल्या डावाला मधे, दुसऱ्याला डावीकडे, तिसऱ्याला परत डावीकडे, चौथ्याला उजवीकडे, मग पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक वेळी कुणी कुठे सरकायचं, त्याचे रंगीत रकाने. वर कोपऱ्यात 'आवृत्ती तीन'. गुरुवारी सगळ्यांना प्लास्टिकमध्ये घालून वाटलं, मनगटाच्या पट्टीत बसेल अशा मापाचं. पोरं खूश. कुणाचा गोंधळ नाही की कुणाची टक्कर नाही. डोनलनं तो कागद उलटसुलट करून पाहिला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "सुंदर आहे बुवा." घाईत होता बिचारा.

रविवारी दोन वाजता शिट्टी झाली. पहिल्याच डावाला हृषी मधे. दोघं अंगावर आले, नेहमीचंच. दुसऱ्या डावाला तो उठला आणि डाव्या कडेला जाऊन उभा राहिला, तेव्हा डब्लिनवाले एकमेकांची तोंडं बघायला लागले. अहाहा! त्यांच्या कडेच्या गड्याला त्यानं एका धक्क्यात तीन पावलं मागे रेटलं. क्वार्टरबॅक, सोनेरी दाढीचा उंच पोरगा, कसाबसा चेंडू फेकून सुटला. हातभर अंतर राहिलं होतं. हृषीला वाटलं, आज होणार. आज नक्की होणार.

पण दहाएक मिनिटांनी काहीतरी बिनसलं. हा डावीकडे गेला की चेंडू उजवीकडे. उजवीकडे गेला की तिथे त्याच्या आधीच दोघं दबा धरून. मधे आला की चेंडू बाहेरून पसार. जणू त्याच्या मनातलं कुणीतरी आधीच वाचत होतं. तो आणखी जोर लावायला लागला, आणखी धावायला लागला, आणि जितका धावला तितका चेंडू लांब जाऊ लागला. करायला गेला गणपती आणि झाला मारुती. मध्यंतराला डब्लिनचे चौदा गुण होते आणि बॅजर्सचे सहा.

डोनल पाण्याच्या बाटल्यांपाशी उभा होता. त्याचा चेहरा बघूनच हृषीला पुढचं वाक्य कळलं.

"बिग मॅन," तो हळूच म्हणाला, "परत मधे जाऊ या."

सात वर्षांत या गड्याच्या डोळ्यांत पाणी कुणी पाहिलं नव्हतं, आजही शिरस्त्राण डोक्यावरच होतं म्हणून झाकलं गेलं. तेवढ्यात सुमेधा बॅग घेऊन आली, ती तावातावानं.

"हृषी, ते काय चाललंय तुझं? मधे, डावीकडे, डावीकडे, उजवीकडे. मधे, डावीकडे, डावीकडे, उजवीकडे!"

"तुला कसं कळलं?"

"मला कसं कळलं? अरे, मला या खेळातलं ओ का ठो कळत नाही आणि तरी पाठ झालंय! घराबाहेर पडताना तू गॅस बघतोस, खिडकी बघतोस, मागचं दार बघतोस, परत गॅस बघतोस. पंधरा वर्षं बघतेय मी. त्यांचा तो टोपीवाला कोच तिकडे बोटं मोजतोय, दिसत नाही तुला?"

हृषीनं मनगटावरच्या कागदाकडे पाहिलं. रंगीत रकाने, आवृत्ती तीन. यानंच शत्रूला वेळापत्रक छापून दिलं होतं, आणि वर प्लास्टिक घालून. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली त्याला.

"काय म्हणतेय ती?" डोनलनं विचारलं. मराठी भांडण त्याला नवरा-बायकोचं खासगी वाटलं असावं.

हृषीनं सांगितलं. डोनलनं टोपी काढली, डोळे मिटले आणि एक अशी शिवी घातली की सुमेधानं मराठीतच "शाब्बास" म्हटलं. मग त्यानं सगळ्या पोरांच्या मनगटांवरचे कागद गोळा केले. "आता?" तो हृषीला म्हणाला. "कागद नाही. सांग, मधे बसतोस का फिरतोस?"

"फिरतो."

"तिसरं क्वार्टर. तेवढंच."

कागदाशिवाय उभं राहणं म्हणजे काय, ते हृषीला पुढच्या पाच मिनिटांत कळलं. नाकी नऊ आले. डावीकडे निघाला तर तिथे आपलाच किलियन. दोघं एकाच भोकात, मधला दरवाजा सताड उघडा, आणि डब्लिनवाले वीस पावलं पुढे. किलियन ओरडला, "कुठे जाऊ रे मी?" आणि हृषीला सुचेना. अकरा वर्षांत त्यानं सहीशिवाय काही ठरवलं नव्हतं. मग त्यानं एकच केलं, तोंड उघडलं. "मी बाहेर! तू आत!" सात वर्षं मुक्यानं दोघांना अंगावर झेलणारा हा माणूस ओरडायला लागला. पुढच्या डावाला, "तू बाहेर, मी मागे!" कधी निघाल्यावर मधेच बदलायचा, आणि किलियन शिव्या देत देत जागा भरायचा. हळूहळू जमायला लागलं. डब्लिनच्या टोपीवाल्यानं बोटं मोजणं सोडलं. सोनेरी दाढीवाला चेंडू हातात यायच्या आधीच मान वळवून याला शोधायला लागला, आणि मान वळवून फेकलेले चेंडू जातील तिथे जायला लागले. त्यातला एक बॅजर्सच्या हातात पडला. मग दुसरा, आणि दोन्हींचे सात-सात गुण झाले. तिसरं क्वार्टर संपलं तेव्हा बॅजर्स वीस, डब्लिन चौदा. डोनलनं नुसतं "जा जा" असा हात केला.

चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला गुडघा अडकला.

उजवीकडून आत वळताना आत काहीतरी सटकलं आणि पाय सरळच होईना. हृषी जागच्या जागी थिजला. कळ मांडीतून थेट डोक्यात गेली. त्यानं पहिल्यांदा काय केलं असेल, तर मैदानाच्या कडेला पाहिलं. सुमेधा खाली मान घालून बॅगेत काहीतरी शोधत होती. वाचलो, त्याला वाटलं. पुढचा डाव सुरू व्हायच्या आत त्यानं हातानं पोटरी धरून पाय झटकला. खट् झालं, पाय सुटला. बायकोला दिलेला शब्द तर मोडला. आता ती बघायच्या आत काय ते उरकायचं.

त्यानंतरची दहा मिनिटं तो लंगडत फिरला. फिरायचा थांबला मात्र नाही. थांबला असता तर परत हललाच नसता.

शेवटचे सात सेकंद उरले, गुण अजून वीस-चौदाच. डब्लिन बॅजर्सच्या गोलरेषेपासून अकरा यार्डांवर. हा एकच डाव. चेंडू रेषेपलीकडे झेलला तर सहा गुण, वर लाथेचा एक, आणि सामना त्यांचा, नाहीतर आपला. मैदानावरची कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली होती. हृषी मधे वाकला. त्यांचे दोघं त्याच्याकडे वळले. तो उठला, डावीकडे निघाला. "सत्तर! सत्तर तिकडे!" त्यांचा मधला ओरडला. त्याच्या पाठीवरचा आकडा तो. भिंतीतल्या गड्यांची बोटं डावीकडे वळली. हृषी अर्ध्यातून परत फिरला. बोटं उजवीकडे. "नाही, इकडे! अरे, इकडे!" पाचही जण एकमेकांवर खेकसायला लागले. दाढीवाल्यानं हात वर करून काहीतरी बदललं, मग परत बदललं. हृषी चालतच होता. आपण कुठे थांबणार, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. आणि तो चालत असतानाच चेंडू हलला.

त्यांचे तिघं डावीकडे झुकले, तो थोड्या वेळापूर्वी होता तिकडे. दोघांना किलियननं उजवीकडे ओढलं. आणि हृषीच्या समोर कुणीच नव्हतं.

उभ्या आयुष्यात या माणसाच्या समोर कुणी नाही असं झालं नव्हतं. टेकायला, रेटायला काहीच नाही म्हटल्यावर त्याचा तोलच गेला. तो धावला म्हणायचं की पडला म्हणायचं, कोण जाणे. चौथ्या पावलाला गुडघा पुन्हा अडकला. पाय गेला, पण एकशे सव्वीस किलो थोडेच थांबतात! तो सगळ्या अंगानं पुढे झेपावला, आणि दाढीवाल्याचा हात फेकायला मागे गेला असतानाच त्याच्या कमरेला हृषीच्या दोन हातांचा विळखा बसला. दोघं गवतावर आले. चेंडू त्याच्या पोटाखालीच राहिला. शिट्टी झाली.

पोरं अंगावर पडली. किलियन त्याच्या शिरस्त्राणावर दोन्ही हातांनी ढोल बडवत होता. "वन! वन! बिग मॅनचा एक!" डोनल टोपी हवेत फेकून ती शोधत होता. "फायनलला तू वाट्टेल तिथे उभा राहा!" तो लांबूनच ओरडला. खाली चिरडलेला दाढीवाला म्हणाला, "फेअर प्ले टू यू, पण आता उठशील का?" हृषी हसत होता, रडत होता, आणि उठत काही नव्हता.

गर्दी पांगली तशी सुमेधा आली. गवतावर गुडघे टेकून तिनं त्याचा पाय मांडीवर घेतला. अंगठा लावायचीसुद्धा गरज नव्हती.

"अडकलाय," हृषी स्वतःच म्हणाला. खोटं बोलायचं त्राणच नव्हतं. "सुमे, खरं सांगू? आत्ताचं नाही हे. मघाशीच अडकला होता. चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला. तू बॅगेत काहीतरी शोधत होतीस."

"काही शोधत नव्हते."

हृषीनं शिरस्त्राण काढून तिच्याकडे पाहिलं.

"तू थिजलास तेव्हाच पाहिलं मी," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "तुझ्याकडे बघत राहिले असते, तर तुला बाहेर काढावं लागलं असतं. म्हणून बॅगेत बघत बसले. दहा मिनिटं, नालायका. एकच बँडेज उघडत होते आणि गुंडाळत होते. डॉक्टर आहे मी, लाज वाटायला हवी मला."

तिकडे किलियन अजून "वन! वन!" करत नाचत होता.

"फायनल दोन आठवड्यांनी आहे," तो शेवटी म्हणाला.

"हो."

वाकून त्यानं उजव्या बुटाची नाडी सोडली, मग डाव्या बुटाची, आणि चिखलानं माखलेले दोन्ही बूट तिच्या हातात दिले.